दोन चर्चची रजिस्टरं एका टेबलावर आली तेव्हा
माझं काम म्हणजे जुनी रजिस्टरं स्कॅन करायची आणि नावांची यादी बनवायची. सध्या पुण्यातल्या दोन चर्चचं काम एकत्रच चालू आहे, एक सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) म्हणजे पूर्वीचं अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं, आणि दुसरं मेथडिस्ट. दोन्ही पाळकसाहेबांची चांगली दोस्ती आहे म्हणून दोघांनी मिळून एकच माणूस लावला, नाहीतर ही रजिस्टरं एका टेबलावर कधी आलीच नसती.

परवा दोन बायका आल्या, सख्ख्या मावसबहिणी, दोघी साठीच्या पुढच्या. थोरली मेथडिस्ट, धाकटी सीएनआयची. जुन्या घराच्या वारसाचं प्रकरण अडकलंय, त्यासाठी आजीच्या वडिलांचं पूर्ण नाव असलेला कागद हवा होता. थोरल्या ताई एकदम ठाम, "आमची आजी जन्मापासून मेथडिस्ट, तिकडचं बघूच नका." धाकट्या म्हणाल्या, "अगं पण आई सांगायची ना, आजी पंचहौदच्या सिस्टरांकडे बोर्डिंगला होती." यावरून दोघींची तिथेच जुंपली.

पंचहौद म्हणजे गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, १८८५ चं अँग्लिकन चर्च. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला ते १८९० च्या चहा प्रकरणामुळे माहीत असतं, टिळक-रानडे तिथे चहा प्यायले आणि पुढे प्रायश्चित्तापर्यंत गेलं ते. पण तिथल्या वाँटेजच्या सिस्टरांनी किती मुली शिकवल्या, वाढवल्या हे फार कोणी सांगत नाही, आणि मला वाटतं खरा इतिहास तोच आहे. पंडिता रमाबाईंचा १८८३ चा बाप्तिस्मासुद्धा इंग्लंडमध्ये याच सिस्टरांच्या वाँटेज गावात झाला होता.

आधी मेथडिस्ट लग्नाचं रजिस्टर काढलं. आजी सापडल्या. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे नोंद असते त्यामुळे वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, बापाचं नाव असे सगळे रकाने, पण बापाच्या नावावर नेमकी शाई पसरलेली, फक्त पहिलं अक्षर लागत होतं. मग सभासदांचं रजिस्टर बघितलं. मेथडिस्टांमध्ये आधी उमेदवार सभासद आणि मग पूर्ण सभासद अशी पद्धत, तिथे आजीच्या नावासमोर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की अँग्लिकन मंडळीचं पत्र घेऊन आल्या. थोरल्या ताईंनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

मग काय, लगेच दुसरा गठ्ठा सोडला. अँग्लिकन बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आजी, बापाचं पूर्ण नाव, आईचं नाव, सगळं स्वच्छ. आणि काही वर्षांनी दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या, यादीत परत आजी, बोर्डिंगच्या मुलींच्या ओळीत. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं, कागद मिळाला होता, पण आता दोघींनाच राहवेना, म्हणाल्या मुलांची पण नावं बघा. तर मोठ्या मुलाचा बाप्तिस्मा मेथडिस्ट चर्चमध्ये आणि धाकट्या दोन मुलींचा, म्हणजे या दोघींच्या आयांचा, अँग्लिकनमध्ये! आजोबा रेल्वेत होते, रकान्यातला पत्ता दर वेळी वेगळा, त्यामुळे माझा अंदाज असा की जिथे क्वार्टर मिळाली तिथलं जवळचं चर्च धरलं.

थोरल्या ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग १९७० चा विषय त्यांनीच काढला. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सीएनआय झाली, सहा मंडळ्या एक झाल्या, त्यात ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आले पण अमेरिकन परंपरेचे, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक, त्याच वर्षी मागे फिरले. १९२९ पासून बोलणी चालू होती हो, चाळीस वर्षं! ताई तेव्हा लहान होत्या, पण घरात जेवताना मोठ्या माणसांचे आवाज चढायचे ते त्यांना आठवतंय. "तुम्ही आम्हाला सोडून गेलात असं मामा म्हणायचे, आणि मावशी म्हणायची तुम्हीच आला नाहीत." नंतर ईस्टरला एकत्र जेवणं पण बंद झाली म्हणे. धाकट्या ताई म्हणाल्या, "आणि आजीला कोणी विचारलंच नाही."

मला राहवलं नाही, मी म्हटलं ताई, ज्या जॉन वेस्लीमुळे मेथडिस्ट झाले तो स्वतः १७९१ मध्ये मरेपर्यंत अँग्लिकन पाळकच होता. थोरल्या ताई म्हणाल्या, "हे मला माहितीये, संडे स्कूलमध्ये शिकवलंय मी." पण हे बोलताना हात धाकटीच्या हातावर होता.

दाखले दोन निघाले, प्रत्येक पाळकसाहेबांनी आपापल्या रजिस्टरचा सही-शिक्का करून दिला. संध्याकाळी मी दोघांना विचारलं की यादीत एक जादा रकाना टाकू का, हाच माणूस दुसऱ्या चर्चच्या कुठल्या पानावर आहे ते दाखवणारा. काम दुपटीने वाढणार हे सांगूनच विचारलं. दोघंही हो म्हणाले. दफनाच्या रजिस्टरांपासून सुरुवात केलीये.