पणजोबांच्या नावावरची जमीन

अटलांटातल्या एका कॉलेजात मी उद्योजकांना लागणारं वित्तशास्त्र शिकवतो. त्याआधी माझा स्वतःचा पॅकेजिंगचा धंदा होता. शनिवारी छोट्या व्यावसायिकांच्या कर्जाच्या फायली बघून देतो. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय असतात. तिथे भन्नाट कल्पना ऐकायला मिळत असतील, असं लोकांना वाटतं. खरं काम रुक्ष असतं. टॅक्स रिटर्नमधला घसारा नफ्यात परत मिळवायचा, मालकाने घरखर्चाला उचललेली रक्कम वजा करायची आणि उरलेल्यातून हप्ता निघतो का ते बघायचं. बँकेला हप्त्याच्या एका डॉलरमागे साधारण सव्वा डॉलरची मिळकत दिसावी लागते.

गेल्या वर्षी आलेल्या एका बाईंची मिळकत याहून चांगली होती. त्या चाऊ-चाऊ बनवतात. हिरवे टोमॅटो, कोबी, मिरची, मोहरी आणि व्हिनेगर यांचं हे तिकडच्या दक्षिणेतलं लोणचं. असा माल विकायचा तर त्याचा सामू (आंबटपणाचं माप, पीएच) ४.६ च्या खाली ठेवावा लागतो आणि दर घाण्याची नोंद लागते. त्यांच्या नोंदींत एक तारीख चुकलेली नव्हती. बरणीच्या खर्चात झाकण, लेबल, गॅस तर होताच, पण भरताना फुटणाऱ्या बरण्याही धरलेल्या होत्या. माझ्या एमबीएच्या मुलांना फुटलेल्या बरण्या कधी सुचत नाहीत. या समाजात आर्थिक साक्षरता कमी, असं ठामपणे बोलणारे एक सहकारी माझ्याच मजल्यावर बसतात. त्यांनी ती वही एकदा वाचावी.

वाफेची मोठी केटल आणि भरणी-यंत्र घ्यायला त्यांना कर्ज हवं होतं. बँकेने तारण अपुरं म्हणून अर्ज परत केला. अनुदानाची वाट अरुंद होत चालली होती. कृष्णवर्णीय महिला उद्योजकांना २०,००० डॉलर देणाऱ्या अटलांटाच्या फिअरलेस फंडावर २०२३ मध्ये वांशिक भेदभावाचा दावा झाला आणि पुढच्या वर्षी तडजोडीत ती योजनाच बंद झाली.

तेव्हा बाई म्हणाल्या, "डॉक, जमीन आहे की आमची."

दक्षिण जॉर्जियात, पिकॅनची, म्हणजे अक्रोडासारख्या फळाची, झाडं असलेली. कर त्याच भरतात. मी त्यांच्यासोबत काउंटीच्या कोर्टात दस्त बघायला गेलो. देणार-घेणारांच्या सूचीतून माग काढत १९१९ च्या खरेदीखतापर्यंत पोचलो. खरेदीदार त्यांचे पणजोबा. त्यानंतर त्या जमिनीवर एकही दस्त नव्हता. पणजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, आजोबांनीही नाही.

आपल्याकडे सातबाऱ्यावर मयताचं नाव राहिलं तर तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज देता येतो. तिथे तलाठी नाही. जमीन सगळ्या वारसांची सामाईक राहते, बँक ती तारण घेत नाही. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या लांबच्या वारसाचा बारीकसा हिस्सा विकत घेऊन बाहेरचा माणूस कोर्टात वाटप मागू शकतो. वाटप जमत नसेल तर सगळी जमीन विक्रीला निघते. जॉर्जियात २०१३ पासूनच्या कायद्याने आधी मूल्यांकन करावं लागतं आणि घरच्यांना तो हिस्सा घेण्याची पहिली संधी मिळते. त्याआधी एवढंही संरक्षण नव्हतं. १९१० च्या सुमाराला कृष्णवर्णीय शेतकऱ्यांकडे सुमारे दीड कोटी एकर जमीन होती. त्यातली बहुतेक गेली. काही अशा विक्रीत गेली, काही सरकारी शेतीखात्याच्या दुजाभावात. त्या दुजाभावापायी सरकारला १९९९ मध्ये कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी भरलेल्या पिगफर्ड खटल्यात तडजोड करावी लागली. 'मृत्युपत्र का नाही केलं?' हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी हे बघावं, की ज्या कोर्टात गोऱ्यांसमोर आपला शब्द टिकत नाही तिथे कोण कागद घेऊन जाईल?

मी हिशेब मांडला. वकील लावून मालकी साफ करायची, मग जमीन तारण ठेवायची. व्याज बरंच कमी लागेल. बाईंनी तो नीट वाचला.

"कागद मी साफ करणार," त्या म्हणाल्या, "पण बँकेसाठी नाही. मावशी तिथे राहते. जमीन गहाण पडणार नाही."

मी वाद घातला. कर्ज फिटण्यासारखं होतं, आकडे तसं सांगतच होते. त्यांनी शेवटी यंत्रच तारण राहील असं महागडं कर्ज घेतलं. केटल आता चालू आहे, पण सुपरमार्केट साठ दिवसांनी पैसे देतं आणि हप्ता मात्र दर महिन्याला जातो. त्या जादा व्याजात एक मदतनीस ठेवता आली असती. हे मला अजून पटत नाही. आणि तरीही, जमीन जाण्याची शक्यता मी माझ्या तक्त्यात कुठल्या ओळीत, किती किमतीला लिहिणार होतो, हेही मला सांगता येत नाही.

पुढच्या शनिवारी त्या मावशीला घेऊन येणार आहेत. वारसांची यादी करायची आहे. कामाच्या शोधात शिकागो-डेट्रॉइटकडे गेलेल्या भावंडांच्या मुलांची नावं एकट्या मावशीलाच ठाऊक आहेत, आणि वकिलाला त्यातलं एकही सुटलेलं चालणार नाही.