तुम्ही विचारलंत म्हणून: मॅडम, कुठलं सॉफ्टवेअर शिकू?

डिप्लोमाचा निकाल लागला की फोन सुरू होतात. "मॅडम, ऑटोकॅड करू की सॉलिडवर्क्स?" दोन्ही कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची सॉफ्टवेअरं. आणि मग आवाज खाली आणून, "क्रॅक, म्हणजे लायसन्स तोडलेली फुकट कॉपी, कुणाकडे मिळेल का?" खरा प्रश्न हा दुसराच असतो. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी नाशिकच्या सातपूरला फिक्स्चर, म्हणजे मशीनवर जॉब पक्का धरणारी साधनं, डिझाइन करते. आलेल्या मुलाला आधी कागद देते आणि विचारते, 25 मिलिमीटरच्या H7 भोकात g6 ची पिन घातली (H7, g6 म्हणजे भोक आणि पिन मापापेक्षा किती कमी-जास्त चालतील त्याची खूण), तर किती ढिली बसेल? उत्तर तक्त्यात आहे: कमीत कमी 7 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), जास्तीत जास्त 41. तीन-तीन सर्टिफिकेटं घेऊन आलेली मुलं इथे गप्प होतात. त्यामुळे "आधी ड्रॉइंग शीक, सॉफ्टवेअरवर हात बसतोच" हे माझं ठरलेलं उत्तर. ते ऐकून मुलं हिरमुसतात, आणि त्यांचंही चूक नाही. मला मुलाखत द्यायची नसते. त्यांना द्यायची असते, आणि तिथे बायोडेटात सॉफ्टवेअरचं नाव आधी बघतात.

तर नाव. तुमची फाइल पुढे कोण उघडणार ते बघा. लेझर कटिंगवाला, फॅब्रिकेटर यांना टू-डी पुरतं. ते डीडब्ल्यूजी नाहीतर डीएक्सएफ या प्रकारची ड्रॉइंगची फाइल मागतात. मोल्ड, कास्टिंग, असेंब्लीकडे जायचं असेल तर थ्री-डीशिवाय गत्यंतर नाही. एक थ्री-डी नीट आलं की दुसऱ्यावर जाता येतं. क्लासवाले हे सांगणार नाहीत.

आता लायसन्स. इथे मी चिडते असं लोक म्हणतात, तर त्याचं कारण सांगते.

2012 च्या सुमाराची गोष्ट. आमचं ऑटोकॅड पक्क्या बिलाचं होतं, सासऱ्यांकडून उसने घेऊन घेतलेलं. आमच्याकडच्या एका मुलाने गिअरबॉक्स हाउसिंगच्या फिक्स्चरमध्ये टॉगल क्लॅम्पचा, म्हणजे जॉब दाबून धरणाऱ्या पकडीचा, ब्लॉक टाकला. ब्लॉक म्हणजे एकदा काढून ठेवलेलं, पुन्हा पुन्हा वापरता येणारं चित्र. ब्लॉक त्याचाच, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विद्यार्थी आवृत्तीत काढलेला. त्या काळी विद्यार्थी आवृत्तीच्या फाइलला एक खूण असे. त्यातला एक ब्लॉक जरी दुसऱ्या फाइलमध्ये आणला तरी खूण सोबत येई, आणि प्रिंट काढली की कागदाच्या चारही कडांना छापून येई, हे शैक्षणिक आवृत्तीत केलेलं आहे. ब्लॉक आणताना स्क्रीनवर सूचना आली असणार. त्याने ओके केलं असणार. सूचना वाचतं कोण?

प्रिंट तशाच पार्टीकडे, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीकडे, गेल्या. परचेसवाल्यांनी मला बोलावलं. टेबलावर शीट पसरलेली, बोट त्या ओळीवर. "मॅडम, तुम्ही अजून कॉलेजात आहात का?" मी बिल दाखवलं, सीरियल नंबर दाखवला. "मग हे काय?" एका क्लॅम्पमुळे अख्ख्या ड्रॉइंगवर शिक्का येतो हे समजावताना मला स्वतःलाच ते बनावट वाटायला लागलं. पेमेंट अडकलं. तो ब्लॉक ज्या ज्या फाइलमध्ये गेला होता त्या शोधून सगळं पुन्हा काढलं. मुलगा रात्री माझ्यासोबत बसला. त्याने चोरी केलेली नव्हती. शिकायला दिलेलं लायसन्स त्याने शिकायलाच वापरलं. फक्त शिकताना काढलेला क्लॅम्प नोकरीत आणला. पेमेंट उशिरा आलं, पुढची ऑर्डर आलीच नाही. महिन्याभरात मुलगाही गेला. मी त्याला काढलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. थांब म्हटलं नाही, हे सांगत नाही.

पुढच्या आवृत्त्यांतून तो शिक्का गेला. अट गेली नाही. विद्यार्थ्यांचं ऑटोकॅड आजही फुकट मिळतं, पण त्यावर पैशाचं काम चालत नाही. फ्यूजन या थ्री-डी सॉफ्टवेअरचं वैयक्तिक लायसन्सही असंच, वर एका वेळी 10 च फाइली चालू ठेवता येतात. इंटरनेटवर चालणाऱ्या ऑनशेपच्या फुकट खात्यातलं काम सगळ्या जगाला दिसतं. त्यात पार्टीचं ड्रॉइंग ठेवाल तर धंद्यातून उठाल. फ्रीकॅड, लिब्रेकॅड मात्र खरोखर मोकळी आहेत, बिल फाडायच्या कामालाही. फ्रीकॅडची 1.0 आवृत्ती 2024 मध्ये आली. डीडब्ल्यूजी उघडताना तिला वेगळा कन्व्हर्टर जोडावा लागतो आणि तिथे नवशिके वैतागतात. मीही वैतागते.

आणि क्रॅक? कॉपीराइट कायद्याचं कलम 63ब वाचा. माहीत असून चोरीचा प्रोग्रॅम वापरला तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. धंद्यासाठी नसेल तर खास कारण असल्यास कोर्ट कैद टाळून 50 हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं, एवढीच सूट.

पूर्वी मीच म्हणायचे, शिकताना सगळं चालतं. ती जुनी मी अजून भांडते माझ्याशी: या एमआयडीसीत निम्मे लोक बाजारातल्या सीडीवर शिकले, त्यांना काय नाकं मुरडतेस? 2016 पासून ऑटोडेस्कने नवी कायमची लायसन्सं विकणं बंद केलं, आता दरवर्षी भाडं. दहा हजारांवर राबणाऱ्या पोराने ते कुठून भरायचं? यावर मी म्हणते, फ्रीकॅड आहे. ती म्हणते, मग तुझ्या ऑफिसात का नाही?

गेल्या वर्षी एक मुलगी आली होती. फ्रीकॅडवर तिने सुंदर व्हाइस (जॉब आवळून धरायचा शिकंजा) काढला होता, टॉलरन्ससकट, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल ते लिहून. मी म्हटलं, क्लासला पैसे घालू नकोस. तिने घातले. आता चाकणला नोकरीला आहे. क्लासमुळे लागली असं ती म्हणते. मला वाटतं टॉलरन्समुळे. तिला नोकरी देणाऱ्याला मी विचारलेलं नाही.