भिंतीवरचा जिराफ

परवापासून तो जिराफ डोक्यातून जात नाहीये. म्हापशाला डॉक्टरांच्या केबिनबाहेर उंची मोजायचा कागदी जिराफ आहे, चिऊ उभी राहायला लागल्यापासून आम्ही तिला त्याला टेकवतो. परवा चिठ्ठी घेऊन फार्मसीत गेलो, काउंटरवर बाटली आली आणि ही ओरडली, "आई, आपला जिराफ!" बाटलीवर तोच. इतकी वर्षं तिथे नंबर लावून बसले, पण त्याच्या पायाशी औषधाचं नाव आहे हे मला कधी दिसलं नव्हतं.

भूक लागायचं टॉनिक होतं ते. पोर तापातून उठली की चार दिवस पेजेवर असते, मग आपणहून जेवायला मागते, हे मला माहीत, डॉक्टरांनाही माहीत. मग लिहिलं का? आमच्याआधी औषध कंपनीचा एमआर आत होता, निघताना दारातून म्हणाला, "मॅडमपण येणार ना सर, म्हणजे दोन तिकिटं..." आणि दार लागलं. पुढचं ऐकूच आलं नाही आणि तेच छळतंय.

रात्री नियम वाचत बसले. २००९ पासून डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास काही घ्यायचं नाही. बाळांच्या दुधाच्या डब्यांचा कायदा तर १९९२ चा, २००३ च्या दुरुस्तीने त्या कंपन्यांना डॉक्टरांच्या परिषदांना पैसे द्यायलाही बंदी घातली. औषधवाल्यांसाठी २०२४ ची संहिता आहे, त्यात डॉक्टरांचा, घरच्यांचा प्रवास चालत नाही, भाषण द्यायला जात असतील तर वेगळं. कदाचित तसंच असेल. पण हजार रुपयांपर्यंतची माहितीची वस्तू चालते, म्हणजे जिराफ बहुतेक नियमात बसतोय. बसू दे. माझी पोर अक्षरं शिकायच्या आधी ते औषध ओळखायला शिकली, हे कुठल्या नियमात बसवू?

आणि मी कोण बोलणार. दादाच्या एमआरच्या बॅगेवरच आमचं घर चाललं, माझं कॉलेजही, आमच्याकडे खोकल्याचं औषध कधी विकत आणलं नाही, सगळी सॅम्पलंच. काल त्याला फोन केला तर बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पाच मिनिटांसाठी तीन-तीन तास उभा राहायचो गं, टार्गेट असायचं." बाबांचं त्या वर्षीचं... जाऊ दे.

त्रास एवढाच की आता प्रत्येक चिठ्ठी मी अशी वाचणार. चिऊला आकडी आली तेव्हा रात्री दीडला, भर पावसात, ह्याच माणसाने घराचं दार उघडलं होतं, अंगावर बनियन, हातात टॉर्च. त्या माणसावर मी संशय घेतेय, मलाच कसंतरी होतंय.

बाटली फडताळात आहे, सील न काढता. आज दुपारी चिऊने स्वतःच भाताला हात घातला. शुक्रवारी दाखवायला जायचंय तेव्हा विचारणार आहे, डॉक्टर, हे नसतं दिलं तर चाललं असतं का. चिडले तर चिडू देत, डॉक्टर तर तेच राहणार आमचे.