बंद खोलीतल्या व्हायवाची तयारी

प्रबंध सादर करून साडेतीन आठवडे झाल्यावर मी तो पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला आणि पृष्ठ ११२ वर येऊन थांबले. तिथल्या आलेखाच्या उभ्या अक्षावर 'टक्के' असे छापलेले होते आणि आकडे मात्र ०.१ ते ०.४ असे होते. म्हणजे भर पावसाळी आठवड्यातसुद्धा जमिनीत ओलावा जवळजवळ नव्हताच, असे माझाच आलेख सांगत होता. जमिनीतल्या ओलाव्याच्या मोजमापावर चार वर्षे घालवलेल्या मुलीच्या प्रबंधात हे असावे, ते पान मी आणि माझ्या मार्गदर्शकांनी मिळून किमान दहा वेळा पाहिलेले असावे, आणि चूक दिसावी ती प्रबंध परीक्षकांच्या हाती पडल्यावर! त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला नकोच.

ब्रिटनमधली पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, म्हणजे इथल्या भाषेत 'व्हायवा', हा बंद दाराआडचा मामला असतो. समोर साधारणपणे दोन परीक्षक असतात, एक आपल्याच विद्यापीठातला अंतर्गत आणि दुसरा बाहेरच्या विद्यापीठातून आलेला बहिःस्थ. काही ठिकाणी कामकाज नियमानुसार चालले आहे ना हे पाहायला एक तटस्थ अध्यक्षही बसतो. मार्गदर्शक परीक्षक नसतात. ते हजर राहिलेच तर विद्यार्थ्याच्या संमतीने, आणि तेही गप्प बसून. दोन्ही परीक्षक प्रबंध वाचून आपापला प्राथमिक अहवाल स्वतंत्रपणे लिहितात आणि मग दोन-तीन तास विद्यार्थ्याशी बोलतात. निकाल बहुधा त्याच दिवशी तोंडी कळतो. एकही दुरुस्ती न सुचवता प्रबंध मान्य होणे विरळाच. किरकोळ दुरुस्त्यांसाठी बहुतेक विद्यापीठांत तीन महिन्यांच्या आसपास मुदत मिळते, मोठ्या दुरुस्त्यांसाठी त्याहून अधिक, आणि काम अपुरे वाटले तर प्रबंध नव्याने सादर करून पुन्हा परीक्षेला बसावे लागते.

घरी फोनवर हे सांगितले तेव्हा सगळ्यांना नवल वाटले, कारण आपल्याकडचा व्हायवा खुला असतो. परीक्षकांचे अनुकूल अहवाल आल्यावरच तो ठरतो, परीक्षकाशेजारी आपले गाइड मंडळाचे सदस्य म्हणून बसलेले असतात आणि समोर विभागातले प्राध्यापक व संशोधक विद्यार्थी असतात. इथे परीक्षकांचे प्राथमिक मत काय आहे याचा आपल्याला पत्ता नसतो आणि बाजू सावरून घेणारे कुणी नसते. नेदरलँड्समधली पद्धत तर आणखी निराळी. तिथे पीएच.डी.चा समारंभ जाहीर असतो, उमेदवाराच्या सोबतीला दोन सहायक उभे असतात, आणि ठरलेली वेळ संपली की विद्यापीठाचा दंडधारी अधिकारी आत येऊन 'होरा एस्ट', म्हणजे 'वेळ झाली', असे लॅटिनमध्ये पुकारतो. मग प्रश्न अर्ध्यावर असला तरी तो तिथेच थांबतो. तयारीच्या दिवसांत मला त्या दंडधाऱ्याचा फार हेवा वाटे.

तयारीची पहिली पायरी म्हणजे स्वतःचा प्रबंध परक्याच्या नजरेने वाचणे. मी प्रत्येक पानाचा सारांश एका ओळीत लिहायचे ठरवले. हे सोपे वाटते, पण ज्या पानाची एक ओळ होईना, त्या पानावर मी नेमके काय म्हटले आहे हे मलाच ठाऊक नव्हते, असे दर वेळी निघाले. अशी नऊ पाने होती, आणि त्यांतली सहा एकाच प्रकरणात. छापील प्रतीला मी रंगीत चिठ्ठ्या लावल्या: प्रकरणांच्या सुरुवातीला निळ्या, महत्त्वाच्या आलेखांना हिरव्या आणि चुकांना पिवळ्या. पिवळ्या चिठ्ठ्या वाढत चालल्या तेव्हा मी त्यांची वेगळी यादी केली, पान, ओळ, काय छापले आहे आणि काय हवे होते अशा क्रमाने. पृष्ठ ११२ अर्थातच सर्वांत वर होते. यादी झाल्यावर भीती निम्म्याने उतरली, कारण तोवर डोक्यात घोंघावणाऱ्या शंभर चुका कागदावर आल्या तेव्हा चौदाच भरल्या.

खरा वेळ गेला तो 'का' या प्रश्नावर. काय केले हे प्रबंधात लिहिलेले असते. तसेच का केले हे बरेचदा नसते. मातीचे नमुने भट्टीत १०५ अंश सेल्सिअसला २४ तास सुकवून आलेल्या वजनांशी मी संवेदकांचे, म्हणजे ओलावा मोजणाऱ्या सेन्सरांचे, आकडे ताडून पाहिले होते, आणि कारखान्यातून आलेले कॅलिब्रेशन, म्हणजे संवेदकाच्या आकड्यावरून ओलावा काढायचे सूत्र, चिकण मातीला का चालत नाही हे मी झोपेतही सांगू शकले असते. पण संवेदक सहाच का? खरे उत्तर असे होते की सातव्यासाठी पैसे उरले नव्हते. हे परीक्षकांना सांगायचे कसे, यावर मी तीन दिवस घालवले आणि अखेर तेच, पण पुढच्या वाक्यासह सांगायचे ठरवले: निधी मर्यादित होता, म्हणून मी जागा कमी घेऊन प्रत्येक जागी तीन खोलींवर मोजले; त्यामुळे उभ्या दिशेने पाणी कसे मुरते ते नीट कळले आणि शेतभरातला फरक मात्र नीट कळला नाही. मर्यादा स्वतः सांगितली की तिचे माप आपल्या हातात राहते. दुसऱ्याने ती शोधून काढली की तिला दोषाचे रूप येते.

परीक्षेच्या दहा दिवस आधी मार्गदर्शकांनी माझा सराव व्हायवा घेतला. त्यांनी जेमतेम अर्धा प्रश्न विचारला असेल, एवढ्यात मी उत्तर सुरू केले आणि चार मिनिटे न थांबता बोलत राहिले. मग ते शांतपणे म्हणाले, "छान उत्तर होते, पण मी हे विचारणारच नव्हतो." खोड कुठली ते मला लगेच उमगले. शाळेपासूनच्या सगळ्या तोंडी परीक्षांत गप्प राहणे म्हणजे न येणे, हेच अंगात मुरलेले होते. पुढच्या तासाभरात त्यांनी मला एकच गोष्ट करायला लावली: प्रश्न पूर्ण ऐकायचा, वहीत दोन शब्द टिपायचे, संबंधित पान उघडायचे आणि मग बोलायचे. पान उघडेपर्यंतच्या त्या दहा सेकंदांत माझे कान अक्षरशः तापत होते. संपूर्ण तयारीत मला सर्वांत जड गेले ते हेच.

बहिःस्थ परीक्षकांचे अलीकडचे तीन शोधनिबंध मी वाचले, ते त्यांना खूश करण्यासाठी नव्हे, तर त्यांची नजर कुठे अडेल याचा अंदाज यावा म्हणून. त्यांतल्या एका निबंधात त्यांनी दैनिक सरासरीवर टीका केली होती आणि माझे तिसरे प्रकरण तर दैनिक सरासरीवरच उभे होते. त्या टीकेला दिलेले उत्तर मी वहीत पाच वेळा लिहून काढले.

परीक्षेच्या दिवशी पहिला प्रश्न आला तो, या विषयाकडे कशा वळलात, असा साधाच. दैनिक सरासरीचा प्रश्न चाळिसाव्या मिनिटाला आला. मी वहीत दोन शब्द टिपले, पान उघडले आणि मगच बोलले. पृष्ठ ११२ चा विषय कुणीच काढला नाही. शेवटी, आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावर मी स्वतःच चुकांची यादी पुढे केली. अंतर्गत परीक्षकांनी आपली प्रत उघडली, आलेखावर चष्मा टेकवल्यासारखे वाकून पाहिले आणि म्हणाले, "हे माझ्या नजरेतून सुटले." मग मला बाहेर बसवले आणि वीस मिनिटांनी आत बोलावले: किरकोळ दुरुस्त्या, मुदत तीन महिने. आठवड्याभराने त्यांची अधिकृत यादी हाती आली. तिच्यात तेवीस दुरुस्त्या होत्या, आणि माझ्या चौदांपैकी जेमतेम तीन तिच्यात सापडल्या.