थिंकपॅड एक्स२००: पॅनिक संपलं, डेबियन १३ उठलं

काल रात्री पावणेबाराला स्क्रीनवर पासफ्रेज विचारणारी ओळ आली आणि चार दिवसांची तगमग थांबली. २००८ सालचा हा लॅपटॉप डेबियन १३ वर (डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) चालू आहे, मंडळी!

गुरुवारी आमच्याकडे वीज जाते, म्हणून बुधवारी रात्रीच बुकवर्मवरून (डेबियन १२) ट्रिक्सीवर (डेबियन १३) जाणार असं मागे लिहिलं होतं. गेलो. रीबूट केलं आणि थेट कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टिमचा गाभा असलेला कर्नलच अडून बसला: रूट (मुख्य) फाइलसिस्टम माउंट होत नाही, अननोन-ब्लॉक (०,०).

मला वाटलं, एसएसडी गेली. काढून काँटॅक्ट पुसले, बायोसमध्ये एएचसीआय (डिस्कशी बोलण्याची पद्धत) तपासलं, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून बायोसचा सीआर२०३२ सेल आणून बदलला. (सुटे पार्ट घ्यायला मी अजून तिथेच जातो. एक सेल हवा तर एकच मिळतो आणि दुकानदार समोर मीटर लावून दाखवतो.) फरक शून्य.

उत्तर त्या दोन शून्यांतच होतं. (०,०) म्हणजे कर्नलला रूटचं डिव्हाइसच सापडलेलं नाही. माझं रूट लक्सच्या (डिस्कचं एन्क्रिप्शन) आत, एलव्हीएमवर (डिस्कचे लवचीक भाग पाडणारी सोय). ते उघडून देतो इनिटरॅमएफएस, म्हणजे कर्नलसोबत सुरुवातीला मेमरीत येणारी छोटी फाइलसिस्टम. तोच लोड होत नसणार. ग्रबच्या (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) मेनूत नोंद उघडून पाहायला ‘ई’ दाबलं. ट्रिक्सीच्या ६.१२ कर्नलच्या नोंदीत कर्नलची ओळ होती, त्याखालची इनिटरॅमएफएस लोड करणारी इनिटआरडीची ओळच नव्हती!

बुकवर्मचा ६.१ कर्नल निवडला, तो सुरळीत उठला. मग डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) चालवून पाहिलं: कर्नल आणि इनिटरॅमएफएस जिथे राहतात ते /बूट २३६ एमबी, जवळपास पूर्ण भरलेलं. व्हीझीच्या (डेबियन ७) काळात इन्स्टॉलरने पाडलेलं पार्टिशन, तेव्हा ते पुरून उरायचं. आता कर्नल आणि फर्मवेअर फुगलेत. शिवाय इनिटरॅमएफएसची नवी फाइल पूर्ण लिहून झाल्यावरच जुनी हटते, म्हणजे तेवढा वेळ दोन्हींना जागा लागते. ती मिळाली नाही, फाइल बनलीच नाही, आणि ग्रबने तिच्याविनाच नोंद केली. रिलीज नोट्समध्ये /बूट किमान ७६८ एमबी आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावेत असं सांगितलंय. अपग्रेडआधी तेवढा भाग नक्की वाचा.

उपाय: ६.१ चे दोन कर्नल होते, त्यातला जुना काढला, इनिटरॅमएफएसच्या कॉन्फिगमध्ये मॉड्यूल्स (ड्रायव्हर) ‘मोस्ट’चं, म्हणजे बहुतेक सगळ्यांचं, ‘डेप’ केलं, कॉम्प्रेशन एक्सझेड (जास्त दाबणारं). फाइल ६४ एमबीवरून १९ वर आली. तो आकडा मी तीनदा पाहिला, इतका आनंद झाला. ‘डेप’मध्ये याच यंत्राला लागणारे ड्रायव्हर येतात, त्यामुळे ही डिस्क दुसऱ्या लॅपटॉपात लावली तर बूट होईलच असं नाही. मला चालतं.

झोपवणं-उठवणं, वायफाय, आवाज, सगळं नीट. आरएचईएलच्या (रेड हॅटचं लिनक्स) कुळातलं काही टाक म्हणणाऱ्यांसाठी: नवव्या आवृत्तीपासून त्यांना एक्स८६-६४-व्ही२ पातळीचा प्रोसेसर लागतो आणि त्यासाठी हव्या असलेल्या एसएसई४.२ सूचना माझ्या पी८६०० प्रोसेसरमध्ये नाहीत. डेबियन या प्रोसेसरला अजून सांभाळून घेतं, म्हणून माझा जीव तिथेच.

पुढचा बेत एलव्हीएम आकसून /बूट वाढवायचा होता. पण लिहितानाच सुचलं, वेगळं /बूट हवंच कशाला? ग्रबला लक्सची पहिली आवृत्ती, लक्स१, उघडता येते. /बूट रूटमध्येच घेतलं तर जागेचा प्रश्नच मिटतो. पासफ्रेज दोनदा टाकावी लागेल आणि ग्रबचं उघडणं संथ असतं, ते सोसेन. आत्ताच लक्सडंप (लक्सची माहिती दाखवणारी कमांड) पाहिलं: व्हर्जन १. आधी पूर्ण डिस्कची इमेज घेतो, ती आता चालू केलीय.