तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गासाठी क्लिकर घ्यावेत का?

‘वर्गात शंभर मुलं, पण प्रश्न विचारला की पहिल्या बाकावरची तीनच बोलतात. क्लिकर घेतले तर फरक पडेल का?’ नाशिकच्या कॉलेजांत शिकवणारी मंडळी हे हमखास विचारतात. पडेल. पण पहिलं सत्र कागदी कार्डांवर काढा, मग खरेदीचं बघा.

क्लिकर म्हणजे मुठीत मावणारा रिमोट. मुलांनी बटण दाबलं की लॅपटॉपला लावलेला रिसीव्हर उत्तरं टिपतो आणि पडद्यावर आलेख उमटतो. यंत्र चांगलंच आहे. अडचण असते ती शंभर रिमोट वाटण्याची, मोजून परत घेण्याची आणि सेल बदलण्याची. मोबाईलवर उत्तरं घ्यावीत, तर दिंडोरी-निफाडहून एसटीने येणाऱ्या प्रत्येकाकडे डेटा शिल्लक असेलच असं नाही. शिवाय शंभर फोन एकदम जोडले गेले की कॉलेजचं वायफाय मान टाकतं.

प्लिकर्स या अ‍ॅपच्या कागदी कार्डांना फक्त शिक्षकाचा एक फोन लागतो; त्याच्या कॅमेऱ्याने मुलांनी वर धरलेली कार्डं टिपायची. कार्डावर क्यूआरसारखी नक्षी असते. जी बाजू वर धरली, ते उत्तर. प्रत्येक नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवण्यात अर्थ नसतो. जाड, बिनचमकीच्या कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. बोटं नक्षीवर आली तरी तेच होतं, म्हणून कार्ड कडेने धरायला शिकवा. मोठा संच ६३ कार्डांचा आहे. वर्ग त्याहून मोठा असेल तर दोघांत एक कार्ड द्या.

खरी मेहनत मात्र प्रश्नावर घ्या. ‘न्यूटनचा दुसरा नियम कोणता?’ यावर बोलण्यासारखं काहीच नाही. त्याऐवजी विचारा: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असताना त्याचं त्वरण किती? शून्य, खाली ९.८, की वर ९.८? वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य, असं मानणारी बरीच मुलं निघतात, आणि पर्याय त्यांच्यासाठीच ठेवायचा असतो.

असा प्रश्न विचारून मुलांनाच एकमेकांशी चर्चा करायला लावायची पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१च्या सुमारास वर्गात रुजवली. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर दोन-तीन मिनिटं वेगळं उत्तर दिलेल्या शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. त्याहून कमी आली तर मुद्दा नव्याने शिकवा. जास्त आली तर थोडक्यात उलगडून पुढे चला. दुसरं मत होईपर्यंत आलेख झाकूनच ठेवा. उंच खांब दिसला की सगळे तिकडेच वळतात आणि चर्चा तिथेच संपते.

तासाला असे दोन-तीन प्रश्न पुरे. गुण द्यायचेच तर सहभागाचे द्या, बरोबर उत्तराचे नकोत. गुण उत्तराला लागले की जोडीतला हुशार मुलगा सांगतो आणि दुसरा मुकाट्याने कार्ड फिरवतो.