गंगा नसते तेव्हाचं राजापूर : आमची वाटचाल

रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापुरात आमच्या घरचा गाडीचा धंदा वडिलांनी सुरू केला, तेव्हा तो पुरता गंगामाईच्या हातात होता. गंगा म्हणजे जवळच्या उन्हाळे गावाच्या वरच्या कुंडांत अधूनमधून जमिनीतून उसळून येणारं आणि काही दिवसांनी नाहीसं होणारं पाणी. गंगा आली की अणुस्कुरा घाट उतरून कोल्हापूरकडची माणसं यायची, मुंबईचे चाकरमानी रजा टाकून यायचे, आणि वडिलांची रिक्षा पहाटेपासून जवाहर चौक ते उन्हाळे, उन्हाळे ते जवाहर चौक अशी फिरत राहायची. जेवायला घरी यायची उसंत नसायची. मग कुंडांतलं पाणी उतरायचं, गंगा जायची, आणि रिक्षा पुन्हा शाळेची मुलं आणि बाजारहाट यांवर यायची. साधारण तीन वर्षांनी गंगा येते असं पूर्वापार मानतात, पण ती या हिशोबाला बांधलेली नाही. कधी लवकर येते, कधी लांबते, मुक्कामही सारखा नसतो. तिच्या येण्यावर वर्षाचा संसार कसा चालवायचा, हा आमच्या घरातला कायमचा प्रश्न होता.

२०११ मध्ये मी बँकेचं कर्ज काढून सात जणांची गाडी घेतली, तिला पिवळी नंबरप्लेट लावली आणि टुरिस्ट परमिट काढलं. हप्ता दर महिन्याला येणार होता आणि गंगा येईल तेव्हा येणार होती. तेव्हा माझ्या आजीने जे सांगितलं, त्यावर आमचा आजचा व्यवसाय उभा आहे. ती म्हणाली, "अरे, गंगेला येणारी माणसं फक्त गंगेवर जात नाहीत. आधी उन्हाळे गावच्या गरम पाण्यात अंघोळ, मग गंगास्नान, मग धोपेश्वराला जाऊन देवदर्शन. दिवस त्यातच जातो. गंगा नसली तरी बाकीचं कुठे जातंय?"

पाहुण्यांना एका दिवसात काय दाखवायचं हे शोधायला आम्हाला बाहेर जावं लागलं नाही. तो क्रम आमच्या आधीच्या पिढ्यांनी पायी चालून ठरवून ठेवलेला होता. आम्ही एवढंच ठरवलं की हा दिवस एका कुटुंबाला, एका गाडीत, घाई न करता द्यायचा. माणशी दर नाही, पूर्ण गाडीचा पूर्ण दिवसाचा दर. पहिल्या वर्षी नातेवाईकांनीही सांगितलं की याने पोट भरणार नाही, सीट भरून गाडी काढ. आम्ही ठरवलेलं सोडलं नाही.

सकाळी पहिला मुक्काम उन्हाळे, राजापूर शहरापासून जेमतेम दोन-तीन किलोमीटर. इथे गोमुखातून बाराही महिने गरम पाणी वाहतं, चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे अंगाला सोसेल असं. इथली वेळ आम्ही मुद्दाम लवकरची ठेवतो. उन्हं वर आल्यावर गरम पाण्याखाली बसणं नको वाटतं आणि गर्दीही वाढते. गुडघेदुखीची, त्वचेच्या तक्रारींची माणसं इथे वर्षानुवर्षं येतात. पाण्यामुळे आराम वाटतो असं ती सांगतात, आणि आम्ही तेवढंच सांगतो. हे पाणी अमुक आजार बरा करतं असं आमच्या गाडीत कोणी बोलत नाही. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बायकांना आम्ही आधी डॉक्टरांना विचारायला सांगतो. साबण, शाम्पू झऱ्यावर काढू देत नाही.

माझी पत्नी या धंद्यात आली ती उन्हाळ्यामुळेच. घरातल्या बायकांना अंघोळ करायची मनापासून इच्छा असायची, पण ओळख नसलेल्या जागी, मी ड्रायव्हर म्हणून बाहेर उभा, त्यांना संकोच वाटायचा. बऱ्याच जणी नुसते पाय भिजवून परत यायच्या. पत्नी सोबत यायला लागली आणि चित्र बदललं. ती पंचे घेते, कोरडे कपडे ठेवायला स्वतंत्र पिशवी घेते, म्हाताऱ्या माणसांना पायरीवर हात देते. आधी तळपाय पाण्याखाली धरायचे, मग गुडघे, मग खांदे, डोक्यावर एकदम पाणी घ्यायचं नाही, हे ती प्रत्येकीला सांगते. पुण्याच्या एक आजी चालायलाही तयार नव्हत्या. गोमुखाखाली दोन्ही हात धरून त्या किती तरी वेळ बसल्या, बोटं हळूहळू उघडत-मिटत राहिल्या, आणि सुनेला म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या हवं तर, मी इथेच आहे." त्यांच्यासाठी त्या दिवशी आम्ही पुढची सगळी वेळापत्रकं मागे ढकलली. बसभर माणसं असती तर हे जमलं नसतं.

पाणी गरम का, हे मुलं हमखास विचारतात. इथे आसपास ज्वालामुखी आहे का, असाही प्रश्न येतो. नाही. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खूप खोल जातं. खाली जावं तसं जमिनीचं तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. नकाशा घेऊन बसलं तर मुलांना गंमत वाटते, कारण वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीतलं उन्हवरे, मग आरवली, तुरळ, राजवाडी आणि खाली आमचं उन्हाळे, ही सगळी ठिकाणं किनाऱ्याला समांतर एका पट्ट्यात येतात. गाडीच्या कप्प्यात तो नकाशा कायम असतो. कडा फाटल्या आहेत, पण बदलवत नाही.

उन्हाळ्याहून वर गंगेच्या जागी जातो. इथे चौदा कुंडं आहेत. वडाजवळ मूळगंगा, मग काशीकुंड, सूर्यकुंड, चंद्रकुंड आणि इतर. बहुतेक दिवस ही कुंडं कोरडी असतात. या कोरड्या कुंडांची लाज वाटून घ्यायची नाही, हे मी फार आधी ठरवलं. पाहुण्यांना गाडीत बसतानाच सांगतो की आज गंगा नाही. तरीही ती जागा बघायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. गंगा असते तेव्हा गर्दीत कुंडांची मांडणी दिसतच नाही. ती नसताना जांभ्याची चिरेबंदी दिसते, काशीकुंडाचं गोमुख दिसतं, कुठल्या कुंडाचा कुठल्याशी काय संबंध आहे ते चालत चालत कळतं. जमिनीखालच्या पोकळ्या एका पातळीपर्यंत भरल्या की वक्रनलिकेसारखं (सायफनसारखं) पाणी उसळून वर येत असावं, असं अभ्यासक सांगतात. गंगेची पूजाअर्चा बघणारे गंगापुत्र त्यांच्या पद्धतीने सांगतात. आम्ही दोन्ही ऐकवतो आणि पाहुण्यांना त्यांचं ठरवू देतो.

तिसरा टप्पा धूतपापेश्वर, गावातले सगळे धोपेश्वर म्हणतात. मृडानी नदीच्या काठी हे शंकराचं जुनं देऊळ, आणि शेजारीच नदी खडकावरून खाली कोसळते. तिथलं कोटितीर्थ कितीही वेळा बघितलं तरी माझे पाय तिथून लवकर निघत नाहीत. पावसात आवाज इतका असतो की देवळात शेजारच्या माणसाशी बोलायला कानाजवळ तोंड न्यावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत तीच नदी बारीक होते, पाणी स्वच्छ होतं आणि तळाचे दगड मोजता येतात.

या पाण्याबाबत आमचे नियम कडक आहेत. जून ते सप्टेंबर कोणालाही डोहात उतरू देत नाही, कितीही चांगला पोहणारा असला तरी. घाटमाथ्यावर पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. कोरड्या दिवसांतही काठाच्या उथळ भागातच, तेही चपला काढून. शेवाळलेल्या कातळावर रबरी चप्पल घसरते, उघडा पाय पकड घेतो. दारू प्यायलेल्या माणसाला गाडीतच घेत नाही. यावरून एकदा एका पाहुण्यांनी अर्ध्या वाटेत वाद घातला, पैसे परत मागितले. आम्ही पूर्ण पैसे दिले आणि त्यांना एसटी स्टँडवर सोडलं. आजही तसंच करू.

दुपारचं जेवण घरगुती. ओळखीच्या ताई आदल्या दिवशी सांगितलं की ताट वाढतात : तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, एखादी पालेभाजी किंवा फणसाची भाजी, भात, सोलकढी. संकष्टीला उकडीचे मोदक. जेवणाचे पैसे पाहुणे थेट त्यांनाच देतात, मधे आमचा हात नाही. ओळखीतल्या काहींनी कमिशन घ्यायला सुचवलं होतं. पण पाहुणे पोटभर जेवून खूश होतात म्हणून पुढच्या वर्षी नातेवाइकांना पाठवतात. आमचा फायदा तोच, वेगळा कशाला घ्यायचा?

जेवणानंतर ज्यांना उत्साह असतो त्यांना समुद्राकडे नेतो. आडिवऱ्याची महाकाली, तिच्या देवळातलं लाकडावरचं कोरीव काम मान वर करून बघावं असं, आणि पुढे कशेळीचा कनकादित्य. कोकणातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी हे एक, आणि इथे शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा ११९१ सालचा ताम्रपट आहे. सूर्याची मूर्ती समुद्रातून आली असं मानतात. किनाऱ्यावरची देवघळी ही घळ दाखवून ही कथा सांगितली की मुलं एकदम गप्प होऊन ऐकतात. अलीकडे कातळशिल्पांबद्दल विचारणारे वाढले आहेत. देवीहसोळची, बारसूच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची. त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा असं आम्ही सांगतो, एका दिवसात सगळं कोंबत नाही.

२०१६ च्या सुमारास संगमेश्वर बाजूचा दुसरा मार्ग सुरू केला, तो पाहुण्यांच्याच आग्रहाने. कोकण रेल्वेने संगमेश्वर रोड स्टेशनवर पहाटे उतरायचं, तुरळ-राजवाडीचे झरे बघायचे, राजवाडीच्या सोमेश्वराचं दर्शन, मग कसबा संगमेश्वरचं कर्णेश्वर मंदिर आणि दुपारी देवरुखमार्गे मार्लेश्वर. तुरळचं पाणी साठ अंशांच्या आसपास असतं, त्यात थेट उतरायचं नाही, गार पाणी मिसळूनच. कसब्याला मी जास्त वेळ ठेवतो. कर्णेश्वराच्या खांबांवरचं आणि छतावरचं काम पाच मिनिटांत दिसत नाही, डोळा अंधाराला सरावायला लागतो. आणि याच कसब्यात फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज मुघलांच्या हाती सापडले. तिथे माणसं आपोआप थांबतात.

मार्लेश्वरला पायऱ्या पाचशेच्या आसपास, म्हणून ज्येष्ठांना आधीच विचारतो. गुहेत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडातच दर्शन. कपारीत साप असतात, त्यांना कोणी त्रास देत नाही आणि तेही कोणाला देत नाहीत. समोर धारेश्वराचा धबधबा. मकरसंक्रांतीला साखरप्याच्या गिरिजादेवीशी मार्लेश्वराचं लग्न लागतं. त्या दिवशी आम्ही भाडं घेत नाही, कारण घरचे सगळे लग्नाला असतो.

लॉकडाऊनमध्ये गाडी उभी राहिली, हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. पत्नीने काजूगर आणि कोकम पॅकिंग करून घर चालवलं. थोडं सुरळीत होतंय म्हणेपर्यंत २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, रस्ता आणि रेल्वे दोन्ही तुटले, आणि पुढची बुकिंगं गेली. त्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यातल्या बहुतेकांनी "राहू दे तुमच्याकडे, येऊ नंतर" असं सांगितलं, आणि ते खरोखर आले. त्यांची नावं पत्नीच्या वहीत वेगळ्या पानावर आहेत.

त्यानंतर एका मोठ्या पर्यटन कंपनीने विचारणा केली : हंगामात रोज एक बस, पन्नास माणसं, आम्ही फक्त स्थानिक व्यवस्था बघायची. पैसा चांगला होता. घरात बरीच चर्चा झाली. पण उन्हाळ्याच्या झऱ्यावर सकाळी गावातल्या बायका असतात, दुखणाईत माणसं असतात. ती त्यांची रोजची जागा आहे. तिथे एकदम पन्नास माणसं उतरली तर गावाला बाजूला व्हावं लागेल. एका गाडीतली पाच-सहा माणसं तिथे सामावतात, गावकरी त्यांना जागा करून देतात, गप्पाही मारतात. आम्ही नाही म्हटलं. त्याऐवजी दुसरी छोटी गाडी घेतली. ती पुतण्या चालवतो, आणि त्याच्या गाडीलाही हेच नियम.

आता गंगेबद्दल. आजही सगळ्यात जास्त फोन याच एका प्रश्नासाठी येतात, "गंगा आलीय का हो?" यासाठी आम्ही एक यादी ठेवली आहे. ज्यांना गंगास्नानालाच यायचं आहे त्यांनी नाव आणि फोन नोंदवून ठेवावा. गंगा आल्याची खात्री गंगेवर जाऊन, डोळ्यांनी बघून केली की यादीतल्या क्रमानेच फोन करतो. मोठा माणूस, ओळखीचा माणूस असा फरक नाही. नाव नोंदवायला पैसे नाहीत. आगाऊ रक्कमही तारीख पक्की झाल्यावरच घेतो, कारण गंगा किती दिवस राहील हे आम्ही सांगू शकत नाही. फोन आला की शक्यतो आठवडाभरात यावं, आणि येताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला जरूर आणावं. पुढची सीट आम्ही त्यांच्यासाठीच ठेवतो.